बाळाच्या लशीच्या दिवशी आईलाही विचारा

दीड महिन्याच्या लशीला निघताना पिशवीत काय काय भरलं जातं? लंगोट, दुपटं, टोपडं, लसीकरणाचं कार्ड. दवाखान्यात बाळाचं वजन होतं, मांडीला सुई टोचली जाते, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं जातं आणि मंडळी घरी परततात. बाळाला खांद्यावर घेऊन रांगेत उभी असलेली त्याची आई तीन आठवडे रोज पहाटे तीनपासून छताकडे बघत पडून असते, हे कुणाच्या गावीही नसतं. कुणी विचारलंच तर प्रश्न "कशी आहेस?" आणि उत्तर "बरी आहे". दोन्ही ठरलेली.

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाचात एक. गोव्यात झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याहून बोलका आहे. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झालेला होता. अर्ध्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. म्हणजे हा आजार अचानक उगवत नाही आणि "सव्वा महिना झाला की होईल ठीक" म्हणून जातही नाही.

म्हणून सरळ बेत असा करा: बाळाचं वेळापत्रक आहेच, त्यालाच आईची तपासणी जोडा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस, मग नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस, असे चार दिवस आयते मिळतात. त्याआधी आशाताईंच्या घरभेटी असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वेगळं काही आखायची गरज नाही. फक्त त्या दिवशी आईलाही पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर माता-बाल कार्डाच्या कडेला तारखेसह लिहायचं.

नाव नोंदवतानाच सांगायच्या गोष्टी

गरोदर असल्याचं कळल्यावर बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवतात, तेव्हा डॉक्टर किंवा आरोग्यसेविका बीपी, साखर, आधीची बाळंतपणं विचारतात. मनाबद्दल सहसा विचारत नाहीत, तेव्हा आपणहून सांगावं लागतं. आधी कधी नैराश्य, घबराट किंवा मानसोपचाराची गोळी झाली आहे का; कधी काही दिवस झोप न घेताही अफाट उत्साह, भरमसाट बोलणं, पैसे उधळणं असं झालं होतं का; आई किंवा बहिणीला बाळंतपणानंतर "डोक्यावर परिणाम" झाला होता का; आधी गर्भपात झाला किंवा बाळ दगावलं आहे का; आणि घरात मारहाण होते का. शेवटचं नवऱ्यासमोर सांगता येत नाही, म्हणून वजन करायला किंवा लघवी तपासायला तिला एकटीला आत बोलावतात त्या दोन मिनिटांत सांगावं. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच नेहमी सांगायचा राहतो. उत्साहाचे असे झटके येऊन गेलेले असतील तर तो बायपोलर आजार, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा आजार, असू शकतो. अशा बाईला बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात तीव्र मनोविकाराचा धोका साधारण पाचात एक इतका असतो. एरवी तो हजारात एक ते दोन. अशा घरी सातव्या महिन्यातच मानसोपचारतज्ज्ञांना भेटून बाळंतपणानंतरचे पहिले चौदा दिवस कोण जागणार, कोणतं औषध चालू ठेवायचं आणि रात्री-अपरात्री कुठे न्यायचं हे कागदावर लिहून ठेवा. डोहाळजेवणाची यादी करता तशीच ही एक यादी.

औषध आधीपासून चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच घाबरून ते बंद करू नका. एकदम बंद केल्याने आजार उलटतो आणि त्याचा बाळालाही त्रासच होतो. याला एक तातडीचा अपवाद आहे, आणि तोही स्वतःच्या मनाने करायचा नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध फिट आणि बायपोलर या दोन्हींसाठी देतात. ते गर्भाला घातक असतं, पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो आणि मुलाच्या बुद्धीवरही परिणाम होतो. चालू असेल तर मूल हवं असं ठरतं तेव्हाच डॉक्टरांकडून बदलून घ्या. दिवस राहिल्यावर लक्षात आलं तर त्याच आठवड्यात गाठा, पण तोवर गोळी चुकवू नका. लिथियम हे बायपोलरचं औषध चालू असेल तर गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी घसरत जाते आणि बाळंतपणानंतर चटकन वर येते, म्हणून ती वरचेवर तपासावी लागते.

तिसऱ्या दिवसाचं रडू आणि चौदाव्या दिवसाची रेघ

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं त्याच सुमारास डोळेही भरून येतात. क्षणात हसू, क्षणात रडू, उगाच चिडचिड. अर्ध्याहून अधिक आयांना हे होतं. त्याला औषध लागत नाही. पाचवीची पूजा, बारशाची गर्दी यांत कुणी तिला चार तास निवांत झोपू दिलं तरी पुष्कळ. दहा ते चौदा दिवसांत ते ओसरतं.

चौदाव्या दिवशी मात्र रेघ मारा. त्यानंतरही दिवसातला बराच वेळ उदास वाटणं, कशातच मन न लागणं, बाळाबद्दल माया न वाटणं आणि त्यामुळे स्वतःला पापी समजणं चालू असेल तर ते "हळवेपण" राहिलं नाही. पहिल्या वर्षात ते कधीही सुरू होऊ शकतं. पुष्कळ बायका उदास आहे असं म्हणतही नाहीत. त्यांची भाषा अंगाची असते: डोकं जड आहे, छातीत धडधडतं, हातापायांची आग होते, अंगात त्राण नाही, नको नको वाटतं. मग पोटदुखीची, गॅसची, ताकदीची औषधं चालू राहतात आणि दोन महिने जातात.

अंगाची तक्रार खरीही असू शकते, म्हणून मनाचं निदान करतानाच तीन रक्ततपासण्या सांगाव्यात: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येऊ शकते. सुरुवातीच्या महिन्यांत धडधड आणि बेचैनी, मग चौथ्या ते आठव्या महिन्यात सुस्ती, बद्धकोष्ठता, उदासी, असा तिचा प्रवास असतो आणि हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. सरकारी लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज घ्यायची असते. चहाबरोबर घेतली की वाया जाते. कॅल्शियमची गोळी आणि ही यांत दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं.

कसं विचारायचं

आधी माणसं पांगवा. सासूबाई, नवरा, शेजारीण बसलेल्या असताना बाई एकच उत्तर देते. नवरा तिच्या वतीने "तिला काही नाही हो, थोडी नाजूक आहे" म्हणाला तर त्याला बाळाचं कार्ड आणायला पाठवा. विचारणारी व्यक्ती बाळाला मांडीवर घेऊन बसली की तिचे हात मोकळे होतात आणि जीभही.

पाच प्रश्न असे, याच शब्दांत:

गेल्या महिनाभरात मन सतत उदास, खचलेलं, आता काही चांगलं होणारच नाही असं वाटत होतं का?

एरवी आवडणाऱ्या गोष्टींत, अगदी टीव्हीवरच्या मालिकेत किंवा माहेरच्या फोनमध्येसुद्धा, मन लागेनासं झालंय का?

बाळ झोपलंय, त्याच्याजवळ दुसरं माणूस आहे, तरी तुला झोप लागत नाही असं होतं का?

नको ते विचार डोक्यात घुसतात आणि तुलाच त्यांची भीती वाटते, असं होतं का?

कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा जीव द्यावा?

पहिल्या दोनपैकी एकालाही "हो" आलं तर पुढची सविस्तर तपासणी हवी. तिसरा प्रश्न आमच्या मते सगळ्यांत उपयोगाचा आहे. बाळामुळे जागरण प्रत्येकीला होतं. संधी मिळूनही झोप न येणं ही वेगळी गोष्ट, आणि हे उत्तर द्यायला बाईला लाज वाटत नाही.

चौथ्या प्रश्नावर घरचे हमखास गडबडतात. "बाळ हातातून खाली पडेल", "सुरी लागेल", "मीच काही करून बसेन" असे विचार मनात येणं फार जणींना होतं. ज्या बाईला हे विचार येतात आणि त्यांचा धसका बसतो, जी त्यामुळे विळी आत ठेवते, बाळाला एकटीने आंघोळ घालायला नाही म्हणते, तिची ती चिंता आहे. ती बाळाला इजा करायला निघालेली नसते, उलट जिवापाड जपत असते. बाळ तिच्यापासून काढून घेतलं की आजार वाढतो. तिला नीट सांगावं की हे विचार आजाराचे आहेत आणि त्यांवर उपचार आहे. उलट जिला असा विचार येतो आणि तो बरोबरच वाटतो, "हे माझं बाळ नाही", "याला देवाने परत मागितलंय" असं ती शांतपणे सांगते, ती तातडीची वेळ आहे. तिच्याबद्दल पुढे.

पाचवा प्रश्न विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारलं की बहुतेक जणींना हायसं वाटतं. उत्तर "हो" असेल तर दुसरा प्रश्न लगेच: कसं करायचं ते ठरवलंय का? ठरवलं असेल तर त्या क्षणापासून तिला एकटं सोडायचं नाही. शेतीची कीटकनाशकं, उंदराचं औषध, घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायच्या आणि त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवायचं. सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

आरोग्यसेविका, नर्स किंवा डॉक्टर असाल तर बाळंतपणानंतरचं नैराश्य मोजणारी एडिंबरा मोजपट्टी वापरा. ती १९८७ पासून वापरात आहे. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. तेरा किंवा जास्त आले तर मानसोपचाराकडे पाठवा, दहा ते बारा आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलच्या दहाव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोला. दवाखान्यांत सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावलीही चालते, पण तिच्यात थकवा, भूक आणि झोपेचे प्रश्न आहेत, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या कुठल्याही बाईचे गुण तिथे फुगतात. कागद हातात देऊन "भरून दे" म्हणणं टाळा. शिकलेली बाईसुद्धा सगळीकडे शून्यावर खूण करून कागद परत देते.

रात्रीची वाटणी

घरच्यांच्या हातात असलेलं सगळ्यांत गुणकारी औषध म्हणजे सलग चार-साडेचार तासांची झोप. दिवसभरात तुकड्यातुकड्याने आठ तास मिळाले तरी ते काम होत नाही. "बाळ झोपलं की तूही झोप" हा सल्ला ऐकायला बरा, पण बाळ झोपलेलं असतं तेव्हाच तिला जेवायचं, नहायचं आणि टाक्यांना मलम लावायचं असतं.

वाटणी अशी करता येते. साडेआठला ती जेवून घेते, नऊला बाळाला पाजते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपते. दार लावलेलं, मोबाइल बाहेर. नऊ ते दीड बाळ आजीकडे किंवा बाबाकडे. साडेअकराच्या सुमारास बाळ उठलं की दिवसा काढून ठेवलेलं आईचं दूध वाटी-चमच्याने पाजायचं. महिन्याभराचं बाळ एका वेळी साधारण ६० ते ९० मिली पितं. दीडला तिला उठवायचं, पुढची पाळी तिची, पण सकाळी सहाला बाळ पुन्हा दुसऱ्याकडे, म्हणजे आठपर्यंत आणखी एक डुलकी होते.

दूध काढायचं ते सकाळी, तेव्हा ते जास्त असतं. खोली पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर चार तास बाहेर चालतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागे, आणि तिथे चार दिवसांपर्यंत. गरम करायचं तर वाटी गरम पाण्यात धरायची, गॅसवर ठेवायची नाही. पाजताना बाळाचं डोकं उंच हवं. आडवं ठेवून चमचा ओतला की ठसका लागतो.

पहिले तीन-चार आठवडे दूध अजून बसायचं असतं, तेव्हा रात्रीचं पाजणं वगळलं तर छाती दगडासारखी होते. त्या काळात बाळ तिच्याजवळ आणून द्यायचं, तिने पडल्या पडल्या पाजायचं, आणि ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोका देणं दुसऱ्याने करायचं. ती अंथरुणातून उठत नाही, एवढाच नियम. एका खोलीचं घर असेल तर झोळी दुसऱ्या टोकाला बांधा आणि आधीच ठरवा की रडल्यावर ज्याची पाळी आहे तोच उठेल. हा नियम पहिल्या रात्रीच मोडतो, कारण बाळ रडलं की ती ताडकन उठते आणि पाळीवाला घोरत असतो. पाळीवाल्याने त्या वेळात बसूनच राहावं.

माहेरी हे जमतं, कारण आई असते. फक्त नवरा तिथे नसतो आणि त्याला बाळाचं काही शिकायला मिळत नाही. मग तीन महिन्यांनी सासरी गेल्यावर सगळं तिच्या एकटीवर पडतं. म्हणून शनिवार-रविवारी येणाऱ्या जावयाला पाहुण्यासारखं बसवून श्रीखंड-पुरी वाढण्याऐवजी रात्रीची पाळी द्या.

दिवसा अंधाऱ्या खोलीत, कानाला फडकं बांधून, सव्वा महिना कोंडून ठेवण्यातलं फडकं राहू द्या हवं तर, कोंडणं सोडा. सकाळी वीस मिनिटं ओट्यावर किंवा गच्चीत, अंगावर ऊन. शेक-शेगडी घ्यायची तर खोलीत धूर कोंडू देऊ नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर छानच, पण त्याबरोबर साधं जेवणही पोटभर हवं. "पाणी कमी पी, पोट सुटेल" हे पथ्य नव्हे, त्रास आहे.

उदासी सौम्य असेल तर एक पद्धत घरीच करता येते. कॅलेंडरच्या चौकटीत रोज तीन छोट्या गोष्टी लिहायच्या: एक अंगाची, जसं डोक्यावरून नहाणं, एक माणसांची, जसं मैत्रिणीला दहा मिनिटं फोन, एक नुसती आवडीची. मन लागो न लागो, करायच्याच, आणि रात्री दहापैकी किती बरं वाटलं तो आकडा लिहायचा. मूड आला की करू म्हटलं तर तो येतच नाही. केल्यावर थोडा येतो. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर ही पद्धत पुरेशी नाही, तज्ज्ञ गाठा. गोव्यात संगथ या संस्थेने गावातल्याच सामान्य बायकांना शिकवून "सखी" म्हणून गरोदर आणि बाळंत बायकांच्या घरी पाठवलं, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. यासाठी प्रत्येक वेळी मोठी पदवीच लागते असं नाही.

करू नये ते थोडक्यात. "आम्ही नाही का केलं चार-चार?" हे वाक्य. "सगळं तर आहे, तुला काय कमी पडतंय?" हे दुसरं. आणि मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी बर्फी वाटताना उतरलेले चेहरे. गोव्याच्या त्याच अभ्यासात मुलगी होणं, हलाखी आणि नवऱ्याशी न पटणं या गोष्टी नैराश्याशी जोडलेल्या निघाल्या. "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणणाऱ्या घरातही दुसऱ्या मुलीला काय म्हणतात ते बाळंतिणीला ऐकू येत असतं.

गोळी लागली तर

मध्यम किंवा तीव्र नैराश्याला समुपदेशनाबरोबर औषध लागतं. अंगावर पाजणाऱ्या आईला सर्वांत जास्त वेळा सर्ट्रालिन दिली जाते, कारण ती दुधात फारच कमी उतरते. सहसा २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून, सकाळच्या खाण्यानंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, थोडी बेचैनी होते. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. इथेच घोळ होतो: त्रास आधी आणि गुण नंतर, म्हणून पाचव्या दिवशी "ही गोळी लागू पडत नाही" असं ठरवून ती बंद होते. दुसरा घोळ दीड-दोन महिन्यांनी. ती हसायला-बोलायला लागते, आणि कुणीतरी म्हणतं, "आता सवय लागेल, सोड." ही झोपेची गोळी नव्हे, हिची नशा लागत नाही. बरं वाटू लागल्यावर आणखी किमान सहा महिने घ्यायची आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची.

"गोळी चालू आहे, मग अंगावर पाजू नका" असं कुणी सरसकट सांगितलं तर "कोणत्या औषधामुळे?" असं नाव घेऊन विचारा. बहुतेक वेळा पाजणं चालू ठेवता येतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर जन्मल्यावर बाळ दोन-चार दिवस थोडं किरकिरं, थरथरतं असू शकतं. ते बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते नजर ठेवतात.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी आणू नका. सवय तिची लागते, दुधातून बाळाला गुंगी येते, आणि गाढ झोपलेल्या आईच्या कुशीत बाळ असणं धोक्याचं. दूध वाढावं म्हणून मेटोक्लोप्रामाइड देतात, त्याने काही जणींना उदासी येते. आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर ते टाळायला सांगा. दूध आटवायच्या गोळ्या, ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिन, आधी मनोविकार झालेल्या बाईला देण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना विचारलंच पाहिजे. आणि आधी सांगितलेला तो उत्साहाचा झटका इथे पुन्हा आठवा: बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर आजार दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

थांबायचं नाही अशी वेळ

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत, कधी तिसऱ्याच दिवशी, बाई अचानक बदलते. दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही. बोलणं असंबद्ध, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळ बदललंय असा संशय, घरच्यांनी जेवणात काही घातलंय असं वाटणं, तासात चार वेळा पालटणारा चेहरा. गावाकडे याला बाळंतवात म्हणतात, बाहेरचं लागलं म्हणतात. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडीत बसल्यावर, आणि गाडी रुग्णालयाच्या दिशेला. १०८ ला फोन करा. वाटेत बाळ तिच्याजवळ असेल तर तिसरं माणूस त्या दोघांशेजारी हवं. तिच्याशी वाद घालू नका, तिचं म्हणणं खोडू नका. ताप, फिट, तीव्र डोकेदुखी किंवा बीपी वाढलेलं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण संसर्गाने किंवा बीपी वाढून येणाऱ्या फिटनेही असंच चित्र दिसतं. वेळेत उपचार मिळाले तर हा आजार बहुतेक जणींत पूर्ण बरा होतो.

रात्री दोनला कुणाला विचारावं कळत नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. उपचार जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मिळतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. दाखल करायची वेळ आली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सांगितलंय की तीन वर्षांखालच्या मुलाला एरवी आईपासून वेगळं करू नये. तसं करायचं तर बाळाला धोका आहे किंवा वेगळं ठेवणं त्याच्या हिताचं आहे, असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत हवं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा वेगळा विभाग आहे. याच कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून नव्हे तर तीव्र ताणाचं लक्षण म्हणून बघितलं जातं, तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

फाइल दोन गावांत फिरते

पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नाव नोंदणी पुण्यात, बाळंतपण लातूरला, आणि तीन महिन्यांनी परत पुणे. मनाचा आजार नेमका या प्रवासात हरवतो. लातूरच्या डॉक्टरांनी चालू केलेली गोळी एका महिन्याची असते, ती संपते, चिठ्ठी माहेरच्या कपाटात राहते, आणि सासरी कुणाला सांगायचं धाडस होत नाही. महिन्याभराने ती पुन्हा रडायला लागते तेव्हा सासरचे म्हणतात, "माहेरहून आली की असंच."

निघायच्या आठवडाभर आधी चार कामं करा. डॉक्टरांकडून एका कागदावर निदान, औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे), मात्रा, कधी सुरू झालं आणि कधीपर्यंत घ्यायचं, हे लिहून घ्या. किमान सहा आठवड्यांच्या गोळ्या बरोबर घ्या. पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ निघण्याआधीच ठरवा, पोचल्यावर नाही. आणि सासरच्या एका माणसाला, ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्यालाच, तिच्या संमतीने सगळं सांगा. तो नवरा असेल तर उत्तम, नणंद असेल तरी चालेल. कागदाचा फोटो तिच्या आणि त्याच्या मोबाइलमध्ये.

नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून कायद्यात आहे, आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना मागता येतो. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. बाळ गेलेल्या आईला हे पाच प्रश्न विचारायला कुणी जात नाही, कारण लशीचं कार्डच नसतं. तिच्यासाठी तारखा आपणच कॅलेंडरवर लिहायच्या: दोन आठवडे, दीड महिना, तीन महिने, आणि बाळ जन्माला येणार होतं ती तारीख.

साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर नवव्या महिन्यापर्यंत मोठी पोकळी राहते. कामावर परतणं, अंगावरचं दूध कमी होणं, पाळी पुन्हा सुरू होणं हे सगळं त्याच काळात येतं. म्हणून सहाव्या महिन्यात, उष्टावणाच्या आदल्या दिवशी, एकदा मधे विचारून घ्या. आदल्या दिवशी अशासाठी, की उष्टावणाच्या दिवशी घर भरलेलं असतं आणि तिथे उत्तर पुन्हा "बरी आहे" असंच येईल.